नववधूला विचारले कोणी?

वेताळ पंचविशीतल्या वेताळाची खोड आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. विक्रमाच्या पाठीवर बसून तो गोष्ट सांगतो, ती रंगात आणतो, आणि शेवटाशी आली की स्वतः गप्प होऊन राजालाच कोडे घालतो. गोष्ट सांगून झाली म्हणजे आपले काम संपले, असे वेताळ मानत नाही. ऐकणाऱ्याच्या पदरात प्रश्न टाकल्यावाचून त्याची कथा पुरी होत नाही. लोककथेचे खरे बळ बहुधा येथेच असते. ती कोणा एकाची नसते, तिला ठरलेला शेवट नसतो, आणि सांगणारा बदलला की तिचा रोखही बदलतो. चित्रपटाचे तसे नाही. त्याला शेवटची चौकट ठरवावीच लागते. म्हणून लोककथेवरचा चित्रपट पाहताना आम्ही दोन गोष्टी तपासतो. कथेने विचारलेला प्रश्न दिग्दर्शकाने ऐकला का? आणि ऐकला असेल, तर त्याने दिलेले उत्तर खरे आहे का?

राजस्थानातील एका भूतकथेवर आपल्या देशात दोन चित्रपट निघाले. पहिला मणी कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) आणि दुसरा अमोल पालेकर यांचा ‘पहेली’ (२००५). दोन्ही नावे प्रश्नाचीच आहेत. एक मनातल्या पेचाचे, दुसरे कोड्याचे. कथा विवाहाची आहे, विवाहातल्या संमतीची आहे, घर सोडून पैशामागे गेलेल्या नवऱ्याची आहे. हे सारे विषय धर्मग्रामातल्या कोणत्याही कुटुंबाच्या उंबऱ्याआत येणारे असल्याने आम्ही येथे त्यांचा विचार करीत आहोत.

कथा लिखित रूपात आणली ती विजयदान देथा (१९२६–२०१३) यांनी. जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा हे त्यांचे गाव. लोक त्यांना प्रेमाने ‘बिज्जी’ म्हणत. गावातल्या बायाबापड्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी राजस्थानी भाषेत नव्याने लिहिल्या. ‘बातां री फुलवाडी’ या नावाने त्यांचे चौदा खंड निघाले आणि १९७४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कोमल कोठारी यांच्यासमवेत १९६० साली त्यांनी बोरुंद्यात रूपायन संस्था उभी केली. देथा हे केवळ संग्राहक नव्हेत. जुन्या कथेचा सांगाडा तसाच ठेवून त्यांनी तिच्यात प्रश्न विचारणारे मन घातले. म्हणजे चित्रपटांच्या आधी कथेचे एक रूपांतर झालेलेच होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

कथा थोडक्यात अशी. एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलाचे लग्न होते. वऱ्हाड नववधूला घेऊन परतताना वाटेत विसाव्याला थांबते. तेथे एक भूत राहत असते. वधूचा चेहरा दृष्टीस पडताच ते तिच्यावर भाळते. नवरदेवाचे मात्र तिच्याकडे लक्षच नाही. त्याचे चित्त जमाखर्चाच्या वहीत गुंतलेले असते. लग्नाच्या पहिल्याच रात्री तो तिला सांगतो की, व्यापारासाठी आपल्याला उद्याच निघायचे आहे आणि परतायला पाच वर्षे लागतील. मुहूर्त वडिलांनी काढलेला असतो. सून घरात येऊन एक दिवसही उलटलेला नाही, ही गोष्ट त्या मुहूर्तात कोठे बसत नाही.

नवरा वाटेला लागतो. भूत त्याला वाटेत गाठते, त्याच्याच तोंडून सारी हकीकत काढून घेते आणि त्याचे रूप धारण करून घरी परतते. बाप अर्थातच चकित होतो. पण मुलगा रोज सोन्याच्या मोहरा हातावर ठेवील असे दिसताच त्याच्या शंका विरून जातात. राहिली नववधू. तिच्यापाशी मात्र भुताला लबाडी करवत नाही. आपण तिचा नवरा नसून त्याचे रूप घेतलेले भूत आहोत, हे ते तिला स्पष्ट सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. ती त्याला स्वीकारते. काळ जातो, तिला दिवस राहतात. ही वार्ता दूरदेशी खऱ्या नवऱ्याच्या कानी पडते आणि तो धावत येतो. एकाच चेहऱ्याचे दोन पुरुष दारात उभे! बापालाही ओळख पटेना. निवाड्यासाठी मंडळी राजाकडे निघतात. वाटेत एक मेंढपाळ भेटतो आणि मी तंटा मिटवतो म्हणतो. एकामागून एक परीक्षा घेऊन शेवटी तो म्हणतो, जो खरा असेल त्याने या कातडी पिशवीत शिरून दाखवावे. माणसाला ते अशक्यच. आपले प्रेम खरे आहे या अभिमानाने भूत पिशवीत शिरते आणि मेंढपाळ पिशवीचे तोंड आवळतो. नवऱ्याला घर परत मिळते. नववधूचे काय, याविषयी न्याय काही बोलत नाही.

मणी कौल यांनी ही कथा बोरुंदा गावातच चित्रित केली. तो त्यांचा पहिला रंगीत चित्रपट. पांढऱ्या भिंती, लाल वस्त्रे, स्थिर चौकटी, मध्येच थबकलेली चित्रे आणि पात्रांच्या मुखातून नव्हे, तर निवेदनातून येणारे शब्द अशी त्याची घडण आहे. रविमेनन आणि रईसा पदमसी या दोघांच्या चेहऱ्यांवर तो तोलला आहे. मनोरंजनाच्या अपेक्षेने बसणाऱ्यास तो रुक्ष वाटेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण १९७३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा पुरस्कार या चित्रपटासाठी मणी कौल यांना मिळाला, तो उगाच नव्हे. त्यांनी कथेचा शेवट बदलला नाही. भूत कोंडले जाते, नवरा घरात येतो आणि वधूचा चेहरा आपल्यासमोर राहतो. त्या चेहऱ्यावर विलाप नाही, बंड नाही. आहे ते केवळ मौन. दिग्दर्शक तिला बोलते करीत नाही, कारण त्या घरात तिला कोणीच बोलते केलेले नाही. ‘दुविधा’ पाहून उठणारा प्रेक्षक विक्रम राजासारखा पाठीवर प्रश्न घेऊनच उठतो.

‘पहेली’ची प्रकृती अगदी निराळी. अमोल पालेकर हे मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरची त्यांची ‘बनगरवाडी’ (१९९५) पुष्कळांच्या स्मरणात असेल. ‘अनाहत’ (२००३) मध्ये त्यांनी वंशाला वारस हवा म्हणून एका रात्रीपुरता परपुरुष निवडण्यास भाग पाडलेल्या राणीची कहाणी सांगितली होती. स्त्रीच्या देहाविषयी सारे ठरवतात आणि तिच्या मनाविषयी कोणी विचारत नाही, हे त्यांच्या चिंतनाचे सूत्र ‘पहेली’तही चालू राहते. पटकथा संध्या गोखले यांची आहे. शाहरुख खान यांनी नवरा किशनलाल आणि भूत अशी दुहेरी भूमिका केली आहे, राणी मुखर्जी नववधू लच्छी झाल्या आहेत, अनुपम खेर बाप आणि अमिताभ बच्चन मेंढपाळ. आपले दिलीप प्रभावळकरही काकांच्या भूमिकेत भेटतात. कळसूत्री बाहुल्यांची एक जोडी कथा सांगते. त्यांना नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे आवाज आहेत. रवि के. चंद्रन यांचे छायाचित्रण नेत्रसुखद आहे आणि एम. एम. क्रीम यांचे संगीत कानांत रेंगाळते. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून हा चित्रपट धाडला गेला, पण त्याला नामांकन मिळाले नाही.

सजावट अंमळ जास्त झाली आहे, हे खरे. वाळवंटातल्या वैराणपणाची झळ ‘दुविधा’त जाणवते, तर ‘पहेली’त वाळूलाही जरीचा काठ लावल्यासारखे वाटते. पण आम्ही या कारणासाठी त्याला कमी लेखणार नाही. लोककथा गावच्या चावडीवर सांगितली जात असे, ती सर्वांसाठी. जी कथा मणी कौल यांनी मूठभर रसिकांपर्यंत नेली, ती पालेकरांनी लाखोंच्या समोर मांडली, हा त्यांचा गुणच म्हणावा लागेल.

चित्रपटाचा गाभा आहे तो शयनगृहातील प्रसंग. नवऱ्याच्या रूपातले भूत लच्छीसमोर उभे आहे. फसवणूक त्याला सहज साध्य आहे. चेहरा तोच, आवाज तोच, घरच्यांची मान्यताही मिळालेली. तरी ते खरे बोलते. त्या वेळी राणी मुखर्जींच्या मुद्रेवर आधी भय, मग अविश्वास आणि मग काहीसा विस्मय उमटतो. हा विस्मय भुताचा नाही. आजवर आपल्याला कोणीच काही विचारले नव्हते आणि आज कोणी तरी विचारले, याचा तो विस्मय आहे. माहेरी विचारले नाही, मांडवात विचारले नाही, नवऱ्याने निघताना विचारले नाही. प्रथम विचारले ते एका भुताने!

येथे आपल्या मनात बायबलातील दोन प्रसंग उभे राहिल्याखेरीज राहत नाहीत. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधायला निघतो. तेथेही वाळवंट आहे, उंट आहेत, विहीर आहे, सोन्याचे दागिने आहेत. सारे ठरल्यावर सेवक घाई करतो, तेव्हा रिबकेच्या घरचे म्हणतात की, मुलीला बोलावून तिच्याच तोंडून ऐकू या. तिला विचारले जाते आणि ती जाण्यास होकार देते. इतक्या प्राचीन काळी, जेथे लग्ने वडीलधारेच ठरवीत, तेथे पवित्र लेखकाने तो प्रश्न आवर्जून नोंदवून ठेवला आहे. दुसरा प्रसंग संत लूकच्या शुभवर्तमानातील. देवदूत गाब्रिएल नासरेथच्या मरियेकडे येतो. साऱ्या विश्वाचा स्वामी असलेल्या परमेश्वराला काय अवघड होते? तरी तो तिच्या होकारासाठी थांबतो. तिला शंका विचारू देतो आणि तिचे उत्तर आल्यावरच देवदूत निघून जातो. संत बर्नार्ड यांनी आपल्या प्रवचनात कल्पिले आहे की, त्या क्षणी अवघी सृष्टी तिच्या उत्तराकडे डोळे लावून बसली होती. जेथे परमेश्वरही विचारतो, तेथे बापाने, नवऱ्याने, समाजाने न विचारणे ही केवळ रूढी नव्हे. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा भंग आहे.

म्हणूनच ख्रिस्तसभा विवाहाचा पाया संमतीत मानते. १९८३च्या धर्मसंहितेत (नियम १०५७) स्पष्ट म्हटले आहे की, विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही. बळजोरीने वा धाकाने लावलेले लग्न ख्रिस्तसभा वैध मानत नाही. लग्नाआधी धर्मगुरू वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतो, तो काही सरकारी उपचार नव्हे. आणि वेदीसमोर होकार घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या जातात: तुम्ही स्वेच्छेने आला आहात ना, आयुष्यभर एकमेकांशी एकनिष्ठ राहाल ना, आणि देव देईल ती मुले प्रेमाने स्वीकाराल ना? लच्छीच्या लग्नाला हे तीन प्रश्न लावून पाहावेत. पहिला कोणी विचारलाच नाही. दुसऱ्याची शपथ नवऱ्याने जमाखर्चाच्या वहीशी घेतली. आणि तिसऱ्याचे उत्तर म्हणून जी मुलगी जन्मली, तिच्या जन्माच्या वेळी घरातल्या पुरुषांना चिंता होती ती एवढीच, की बाप खरा कोणता?

कोणी म्हणेल, एका धर्मगुरूने व्यभिचाराचे समर्थन चालवले आहे काय? तसे मुळीच नाही. नवऱ्याच्या रूपात आलेल्या परक्याला जाणूनबुजून पत्करणे हे विवाहाच्या बाहेरचेच पाऊल आहे, आणि गाण्यांच्या सुरावटीत ते विसरायला लावणे ही चित्रपटाची चलाखी आहे. भुताचे सत्यही अर्धेच आहे. वधूशी ते खरे बोलते, पण सासऱ्याशी, सासरशी, गावाशी रोज खोटे बोलते. आणि विचारण्याची वेळ तरी कोणती? दार बंद झाल्यावर, रात्रीच्या एकांतात, ज्या घरात तिला दुसरा आधार नाही अशा घरात. नकार द्यायला मोकळीक असेल तेव्हाच होकाराला अर्थ असतो. रिबकेला विचारले ते तिच्या माहेरच्या माणसांसमोर. लच्छीला तो आधार नव्हता. हे सारे मान्य करूनही आम्ही म्हणतो की, या कथेत पहिला दगड लच्छीवर भिरकावणाऱ्याने आधी बापाच्या हातातल्या मोहरांकडे पाहावे.

त्या बापाचे चित्र अनुपम खेर यांनी विनोदी ढंगाने रंगवले आहे आणि प्रेक्षक हसतो. पण हसण्यासारखे त्यात फारसे नाही. दारात आलेला आपला मुलगा आहे की दुसराच कोणी, हे ओळखण्याची त्याला गरज भासत नाही. मोहरा मिळाल्या की मुलगा खरा! ज्या घरात माणसाची ओळख त्याच्या कमाईवरून पटते, तेथे भुताला शिरणे सोपे जाते, हे लोककथेचे निदान फार मार्मिक आहे. आणि किशनलाल तरी कोण? तोही बापाच्या हिशेबातली एक रक्कम आहे. त्याला तरी कोणी विचारले होते? नव्या नवरीच्या जवळ राहावे असे त्याला वाटले असेल की नाही, हे कथा सांगत नाही, कारण त्या घरात तसा प्रश्न निघत नाही.

राजस्थानातील व्यापारी घराण्यांत तरुणांनी वर्षानुवर्षे दूरदेशी राहण्याची चाल जुनी. आपल्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांनाही ती परकी नाही. कोणी जहाजावर जातो, कोणी आखातात. लग्नाची रजा संपते, हातावरची मेंदी उतरण्याआधी विमानतळ गाठावा लागतो. गरज असते, कर्ज असते, घर बांधायचे असते. अशा पुरुषांना किशनलालच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. त्यांतले कितीतरी जण घरासाठी एकाकीपणा सोसतात आणि त्यांच्या पत्नी येथे घर, शेती, मुले, म्हातारी माणसे सांभाळतात. पण जाण्याआधी दोघांनी बसून ठरवले, की एकाने ठरवून दुसऱ्याला कळवले, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. किशनलालचा अपराध तो गेला हा नव्हे. निरोप घेण्याऐवजी त्याने सूचना दिली, हा त्याचा अपराध. दर महिन्याला न चुकता पैसे येतात, म्हणून घरात सारे आलबेल आहे असे मानणारा कोणीही त्या बापापासून फार दूर नाही.

आता शेवटाकडे वळू. राजा सॉलोमनचा न्याय आपल्याला ठाऊक आहे. एका बाळावर दोन स्त्रिया हक्क सांगतात. राजा परीक्षा घेतो ती आईच्या प्रेमाची. जी बाळासाठी आपला हक्क सोडते तीच खरी आई ठरते आणि बाळ तिला मिळते. मेंढपाळाची परीक्षाही प्रेमाचीच आहे, पण तेथे प्रेम ओळखले जाते ते कोंडून टाकण्यासाठी. सॉलोमन समोर आलेल्या बायकांचे ऐकून घेतो. मेंढपाळाच्या न्यायसभेत लच्छी नाहीच. साऱ्या पंचक्रोशीत सत्य ठाऊक असलेली ती एकच व्यक्ती, आणि पुरुष निवाडा शोधीत वाळवंट तुडवत जातात! तिच्या शब्दावर निवाडा व्हावा हे कोणाला सुचत नाही. लोककथेतला हा उपरोध इतका भेदक आहे की, त्यापुढे उपदेश फिका पडावा.

मणी कौल येथेच थांबतात. पालेकर मात्र पुढे जातात. ‘पहेली’त भूत पिशवीतून सुटते आणि किशनलालच्या देहात शिरते. घरी आलेला पुरुष नवरा नसून आपला प्रियकरच आहे हे लच्छीला कळते आणि चित्रपट आनंदात संपतो. समाजाच्या दृष्टीने नवरा, तिच्या दृष्टीने प्रियकर. सारे प्रश्न एका झटक्यात मिटले.

या शेवटाच्या बाजूने जे बोलता येईल ते आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. भूत आणि नवरा यांचा चेहरा एकच आहे, आणि दोघेही एकाच नटाने उभे केले आहेत. तेव्हा भूत म्हणजे किशनलालचेच न जगलेले रूप, जे हिशेबाच्या वहीखाली दडपले गेले, असे मानता येते. ते शेवटी त्याच्या देहात शिरते, म्हणजे नवरा जसा असायला हवा होता तसा झाला, असा अर्थ लावला तर शेवट सुसंगत ठरतो. शिवाय, प्रत्येक कथेत स्त्रीनेच का झुरत राहावे, तिला एकदा तरी सुख का मिळू नये, हा दिग्दर्शकाचा कळवळाही आम्हांस समजतो.

तरी हा शेवट आम्हांस पटत नाही. माणूस बदलतो तो पश्चात्तापाने, आतून. उधळ्या पुत्राने दूरदेशी आपली चूक ओळखली आणि तो स्वतःच्या पायांनी उठून बापाकडे आला. किशनलाल कोठे काय ओळखतो? तो घाबरलेला, अपमानित, धावत आलेला माणूस आहे. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच काही वेदना दिसते आहे, तिच्यापासून त्याच्या पालटाला आरंभ होऊ शकला असता. चित्रपट त्याला तेवढी सवड देत नाही. त्याच्या देहाचा ताबा घेतला जातो. याला हृदयपरिवर्तन म्हणत नाहीत, याला झपाटणे म्हणतात. आणि तो स्वतः गेला कोठे? त्याच्यासाठी एक अश्रू नाही, एक चौकट नाही. जो चित्रपट स्त्रीला न विचारता तिचे आयुष्य ठरवणाऱ्यांवर बोट ठेवतो, तोच शेवटी एका पुरुषाला न विचारता त्याचा देह उचलून दुसऱ्याला देतो. ज्या अन्यायाची फिर्याद मांडली, तोच अन्याय सुखाच्या मोबदल्यात क्षम्य ठरवला.

आपल्या बायबलात तोबितच्या पुस्तकात वधूच्या शयनगृहातील भुताची कथा आहे. सारा नावाच्या कन्येचे सात पती एकामागून एक पहिल्याच रात्री अस्मोदियस या दुष्ट आत्म्याने मारले. तोबियस तिला वरतो तेव्हा त्या आत्म्याला हाकलले जाते आणि देवदूत रफाएल त्याला बांधून टाकतो. येथवर ती कथा राजस्थानी कथेची दूरची बहीण वाटावी. पण पुढे काय घडते ते पाहावे. त्या रात्री तोबियस आपल्या वधूला उठवतो आणि दोघे मिळून प्रार्थना करतात. आपण वासनेपोटी नव्हे, तर प्रामाणिक हेतूने हिचा स्वीकार करीत आहोत, अशी तो देवापाशी ग्वाही देतो, आणि दोघेही त्यावर आमेन म्हणतात. भूत गेल्याने विवाह उभा राहिला नाही. दोघे शेजारी उभे राहिले, म्हणून तो उभा राहिला. ‘दुविधा’त भूत जाते आणि जागा रिकामीच राहते. ‘पहेली’त भूतच ती जागा घेते. तिसरी वाट, म्हणजे नवऱ्याने ती जागा स्वतः येऊन भरावी ही वाट, दोन्ही चित्रपटांत कोणी चोखाळत नाही.

गंमत अशी की, त्या वाटेची चाहूल ‘पहेली’च्याच एका उपकथानकात लागते. किशनलालचा थोरला भाऊ सुंदरलाल उंटांच्या शर्यतीतल्या पराभवाच्या लाजेने घर सोडून गेला आहे. त्याची पत्नी गजरोबाई वर्षानुवर्षे वाट पाहते आहे. सुनील शेट्टी आणि जुही चावला यांच्या वाट्याला ही पात्रे आली आहेत. पुढे तो परततो. त्याच्यात कोणी शिरलेले नाही. पडलेल्या मानेने आलेला तो तोच माणूस आहे, आणि समोर तीच स्त्री आहे. जुही चावलांनी मोजक्या शब्दांत, डोळ्यांतून जे व्यक्त केले आहे, ते मुख्य कथेच्या झगमगाटात हरवून जाते याची चुटपुट लागते. दिग्दर्शकाने या जोडप्यापाशी आणखी थोडा वेळ घालवला असता, गेलेल्याने काय सोसले आणि राहिलेलीने काय सोसले याची त्यांच्यात चार वाक्ये झाली असती, तर ‘पहेली’ला तिचे उत्तर कदाचित तेथेच सापडले असते.

दोहोंत श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न केल्यास आम्ही ‘दुविधा’ म्हणू, कारण त्याने कथेचा प्रश्न जपला. पण कुटुंबाने एकत्र बसून पाहायचा झाल्यास ‘पहेली’ पाहावा असेच सुचवू. लग्नाला आलेली मुले-मुली, त्यांचे आईवडील आणि जमल्यास आजीही, अशांनी तो मिळून पाहावा. लच्छीने जे केले ते बरोबर की चूक, यावर तेथे वाद होईल, तो होऊ द्यावा. वाद निवला की वडीलधाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: आपल्या घरात शेवटचा मोठा निर्णय झाला, परदेशीच्या नोकरीचा, जमिनीच्या विक्रीचा, सोयरिकीचा, तेव्हा सुनेला, लेकीला, आणि हो, मुलालाही, आपण विचारले होते की नुसते कळवले होते? याचे उत्तर देताना जर घरातल्या बायका एकमेकींकडे पाहून गप्प राहिल्या, तर त्या मौनाचा अर्थ ‘दुविधा’तल्या नववधूने आपल्याला आधीच सांगून ठेवला आहे.

पुढच्या हंगामात पुन्हा लग्ने ठरतील. चर्चमध्ये तीन रविवारी वधूवरांची नावे वाचली जातील आणि कोणाला काही हरकत असल्यास ती कळवावी असे साऱ्या धर्मग्रामाला विचारले जाईल. गावाला विचारण्याआधी घरात विचारून झालेले असावे, एवढीच आमची विनवणी आहे.